कुलूप लावलेला धागा

प्रणितला पनवेलच्या कोळीवाड्यात कुणी रागीट म्हणत नाही. त्याचे वडील काशिराम नाखवा तापले की खाडीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायचं, त्या मानाने प्रणित म्हणजे गरीब गाय. नाखवांच्या होडीत रिवाजच होता तसा. कुणी जाळं चुकीचं सोडलं की नाखवा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, तोही तेवढ्याच जोरात उलट बोलणार, दोघांचेही घसे बसणार. मग काठाला लागल्यावर नाखवा आपल्या वाट्यातला चांगलासा जिताडा मासा उचलून त्याच्याच हातात ठेवणार. विषय संपला. नाखवा कुणाशी हळू आवाजात, गोड बोलले, तर मात्र समजायचं की उद्यापासून त्या माणसाला होडीवर बोलावणं नाही.

प्रणित हे बघत वाढला. तो होडीवर गेला नाही, शिकला, आणि द्रोणागिरीच्या एका गोदामातल्या कॉम्प्युटरांची देखभाल करू लागला. पण पाण्याशी नातं तुटलं नाही. छापील तक्त्यात भरतीची वेळ असते ती मोठ्या बंदराची. पनवेलच्या खाडीत पाणी त्यानंतर पोचतं, दर खाडीचा उशीर वेगळा. तो उशीर धरून वेळ सांगणारं ‘पाणी कधी’ नावाचं ॲप त्याने फावल्या वेळात बनवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ज्याला येईल त्याने सुधारावं, अडलं तर ॲपच्या चर्चापानावर धागा काढून, म्हणजे नवी चर्चा सुरू करून, विचारावं. हळूहळू किनारपट्टीवरून माणसं जमली. त्यांतली सगळ्यात कामाची म्हणजे देवगडची दिपिका.

दिपिका कॉलेजात भूगोल शिकवायची. प्रणितने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचं काम बघून त्याला हायसं वाटायचं. ती आधी विचारायची, मग हात लावायची, आणि केलेलं नीट समजावून लिहायची. एकट्याच्याने ॲप झेपेनासं झालं होतं, तेव्हा प्रणित मनाशी ठरवूनच बसला की पुढे हे हिच्या हवाली करायचं. फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं. कामाच्या माणसाला तोंडावर कामाचं म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

एकदा दिपिकाने धाग्यावर लिहिलं की देवगडच्या खाडीचा उशीर तिने नव्याने मोजलाय. पुढे विचारलं, ‘हिशोबाची हीच पद्धत सगळ्या खाड्यांना लावू, की फक्त देवगडला? सगळ्यांना लावली तर पनवेलची वेळही बदलेल.’ प्रणित तेव्हा गोदामाच्या दारात होता, समोर कंटेनर अडकलेला, ड्रायव्हर बोंबलतोय. त्याने फोनवर पहिली ओळ वाचली, अंगठ्याचं चित्र दाबलं आणि फोन खिशात टाकला. दिपिकाने तो होकार समजून बदल सगळ्यांना लावला. तपासायचं काम प्रणितचं होतं. दिपिकाचं काम म्हणजे बरोबरच असणार, म्हणून त्याने न बघताच ते पुढे जाऊ दिलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच्या चुलतभावाची, शैलेशची, होडी भर खाडीत चिखलात बसली. पुढची भरती येईपर्यंत तो उन्हात बसून राहिला, बर्फ वितळला, मासळी गेली. तिथून तो थेट प्रणितच्या दारात.

“तुजा ॲप बोलला पानी हाय. कुठं हाय पानी?” सगळी आळी ऐकत होती. “आमी डोले मिटून तुज्यावर इस्वास ठेवला.”

प्रणितने मान खाली घातली, आत आला आणि तापलेल्या डोक्याने धाग्यावर लिहिलं, ‘मॅडम, डोकं गहाण ठेवून काम करता का? इथे लोकांच्या होड्या चिखलात बसतात. तुम्हाला कॉलेजात बसून आकडे फिरवायला काय जातंय? जमत नसेल तर हात लावू नका.’ आणि वाद वाढायला नको म्हणून धाग्याला कुलूप लावून टाकलं. आता तिथे कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं.

बोलून झालं, डोकं शांत झालं. दुसऱ्या दिवशी त्याने दिपिकाला खाजगी निरोप धाडला की अलिबागकडच्या सगळ्या खाड्यांचं काम आता तुम्हीच घ्या. ॲपमधलं सगळ्यात मानाचं काम होतं ते. हा त्याचा जिताडा. देवगडला बसलेल्या बाईला ते कसं कळावं? तिने उत्तर दिलं नाही. कामही थांबवलं.

“रुसली,” तो जेवताना म्हणाला.

काशिराम नाखवांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. “ती काय बोलली उलट?”

“बोलनार कशी? मी धागा बंद केला ना.”

नाखवा ताटातला काटा बाजूला काढत राहिले. “मी खलाशाला शिव्या घालतो, तो मला घालतो. म्हनून तो दुसऱ्या दिवशी येतो. तू तर तिचा तोंडच बांधलास, पोरा.”

प्रणितला ते झोंबलं. जेवण टाकून त्याने तो धागा वरपासून वाचला, आणि तिथे दिपिकाच्या सरळ, स्वच्छ प्रश्नाखाली त्याचाच अंगठा दिसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलूप काढून एक ओळ लिहायची होती, चूक माझी होती म्हणून. तेवढं त्याच्याने झालं नाही. त्याने पनवेलची वेळ गुपचूप दुरुस्त केली, शैलेशची समजूत काढली आणि धागा होता तसाच राहू दिला. चार दिवसांत लोक विसरतील, असं स्वतःला सांगितलं. कोळीवाड्यात विसरलेही असते.

चर्चापान मात्र मुकं होत गेलं. आधी माणसं बारीकसारीक विचारायची. आता प्रश्न येईनात, आणि चुका वाढल्या. पावसाळा सरल्यावर रेवदंड्याच्या निनाद नावाच्या नव्या माणसाने तिथल्या खाडीची वेळ साफ उलटी करून टाकली. नशिबाने प्रणितच्या वेळीच लक्षात आलं. या वेळी त्याने जीभ आवरली आणि विचारलं, ‘शंका होती तर आधी विचारलं का नाही?’

निनादचं उत्तर आलं, ‘विचारणार होतो सर. पण आधी जुने धागे वाचावेत असं नियमात लिहिलंय, म्हणून वाचले. त्या मॅडमनी तर नीट विचारलं होतं.’

तो नियम प्रणितनेच लिहिला होता. म्हणजे येणारा प्रत्येक माणूस आधी ते वाचत होता, आणि त्याची ती शिवी इतके महिने उंबऱ्यातच पडून होती. चूक कुणाची, हे त्या सगळ्यांना पहिल्या वाचनातच कळत होतं.

त्याने कुलूप काढलं. अंगठा आपला होता, न बघता पुढे पाठवणाराही आपणच, आणि उलट बोलायची वाट बंद करणाराही, हे सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. मॅडम, हे ॲप तुमच्याच हवाली करायचं मनात होतं आणि ते कधी बोललो नाही, हेही लिहिलं. शेवटी दिपिकाला विचारलं, ‘राग गेला का? आणि परत याल का?’

तिचं उत्तर आठवड्याने आलं.

‘पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, राग गेला. दुसऱ्याचं: नाही, मी परत येणार नाही. त्या आठवड्यात रोज धागा उघडून बघत होते, कुलूप निघालंय का म्हणून. मला फक्त एवढंच लिहायचं होतं की मी विचारलं होतं. नंतर बघणं सोडलं, आणि सवय मोडली. ॲप चांगलं आहे, माणसं सांभाळा. प्रश्न दोन होते, म्हणून उत्तरं वेगवेगळी लिहिली आहेत.’

प्रणितने ते पुन्हा पुन्हा वाचलं. सवयीने त्याचं बोट त्या अंगठ्याच्या चित्राकडे गेलं होतं. ते त्याने मागे घेतलं आणि सावकाश टाईप केलं, ‘पूर्ण वाचलं. दोन्ही उत्तरं समजली.’