साडूंच्या टकलावरचा घाम

सावंतवाडीपासून विजयदुर्गापर्यंतच्या समस्त खानावळवाल्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात तुमच्या स्वयंपाकघरात थेट घुसून "हय काय खावन माणूस रडता?" असं विचारणारे टकलू गृहस्थ माझे थोरले साडू होते. त्यांच्यामागे पित्ताच्या औषधाची बाटली घेऊन उभा असलेला घाबरट इसम मी. दोघांनाही क्षमा असावी.

साडूंइतका तिखट खाणारा माणूस या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसणाऱ्याइतका भेदरलेलाही कोणी झाला नाही. कुडाळात त्यांचा डंक आहे, म्हणजे मिरच्या कुटून मसाला करायची गिरण. मे महिन्यात गावोगावच्या बायका घरी भाजलेल्या मिरच्या नि धने टोपल्यांतून घेऊन येतात. साडू मूठभर उचलून नाकाशी धरतात आणि मगच माल कुटायला जातो. मिरची दमट असो की धने कच्चे, एका हुंगण्यात निकाल. नापास टोपली परत. भल्याभल्या घरच्या सासवा त्यांच्यापुढे पदर चाचपत उभ्या राहतात. घरीही तोच खाक्या. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेव्हणी. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिच्या माशांच्या कढीत तीस वर्षं रोज काहीतरी खोट. "गो, तिरफळां दोन जास्त पडली." दोन! मोजून! "मगे उद्यापासून तुमीच रांधा," असं आक्का आतून ओरडायची आणि मग दोघंही पोटभर जेवायची.

दिवाळीनंतर मात्र साडूंना हे नवं खूळ लागलं. रविवार उजाडला की मला गाडी काढायला लावायची आणि जिल्ह्यातली सगळ्यात जहाल खानावळ शोधायची. बांगड्याचं तिखलं, मोरी माशाचं मटण, काही वर्ज्य नाही. मोजमाप त्यांचं स्वतःचं. घाम कानामागे आला तर ते लहान पोरांचं जेवण. कपाळावर आला तर ठीक. टकलावर मोत्यासारखा उभा राहिला, तरच आचाऱ्याला बाहेर बोलावून त्याचा हात हातात घ्यायचा. विजयदुर्गच्या जेटीजवळच्या चाचीने तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यात तीनदा मिरची वाढवून दिली. चौथ्यांदा मागितल्यावर तिने पळी खाली ठेवली. "ओ बाबा, तुमका काय झालां तर पोलीस माका नेतले!" मी मनातल्या मनात रुग्णवाहिका बोलावून ठेवली होती. साडूंनी शांतपणे ताट पुसून खाल्लं.

निघताना आक्का दर रविवारी उंबऱ्यावर उभी असायची. "जा, पण ह्यांका जिवंत परत घेवन ये," असं मला बजावायची. एकदा मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "हल्ली जेवणाक नावां ठेवत नाय रे. सगळां बरां झालां म्हणतत. माका भय वाटता."

मला हसू आलं. नवऱ्याने नावं ठेवली नाहीत म्हणून घाबरणारी बाई मी प्रथमच पाहत होतो. पण माझा स्वभाव वाईट. पुढच्या रविवारी मालवणात साडू टक्कल पुसण्यात गुंतलेले असताना मी त्यांच्या सोलकढीत दोन चमचे मीठ ढकललं आणि तोंडावर रुमाल धरून तमाशाची वाट पाहत बसलो. त्यांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला, म्हणाले, "बरी आसा."

माझा रुमाल तोंडावरच राहिला.

"भाऊ, त्यात मीठ होतं."

त्यांनी रिकामा पेला नाकाशी नेऊन हुंगला. मग म्हणाले, "दिवाळीत ताप इल्लो ना, तेव्हापासून वास नाय, चव नाय. तिखट तेवढां आत पोचता. जीभ भाजली की वाटता, मी अजून आसंय."

"आक्काला सांगितलंत?"

"खुळो काय रे? तिका सांगलंय तर रांधताना रडतली. आणि डंकावर कळलां तर टोपली घेवन कोण येतला?"

मे महिना तोंडावर आला तशी मलाच झोप लागेना. शेवटी आम्ही एक युक्ती ठरवली. मी त्यांच्या शेजारी उभा राहून प्रत्येक टोपलीचा वास घ्यायचा. एकदा खोकलो तर माल पास, दोनदा खोकलो तर नापास. मिरचीच्या दिवसांत डंकावर भिंतीसुद्धा खोकतात, हे मात्र आम्हा दोघांच्याही, म्हणजे तीस वर्षं डंक चालवणाऱ्याच्याही, ध्यानात आलं नाही. पहिल्या बाईच्या टोपलीला मी एकदा खोकलो, तिच्या सासूने मागून दुसरा खोकला दिला आणि सोन्यासारखा माल परत गेला. दुसऱ्या टोपलीला अख्खी रांग खोकली. "चार म्हणजे काय रे?" साडू ओठ न हलवता म्हणाले. बायकांत कुजबुज सुरू झाली.

घरची टोपली नेहमी सगळ्यांच्या शेवटी लागते. त्या दिवशी आक्का रांग मोडून पुढे आली आणि तिने आपली टोपली नवऱ्यापुढे ठेवली. खोकला यायला नको म्हणून मी श्वासच रोखून धरला. साडूंनी मूठ भरून नाकाशी नेली. थांबले. पुन्हा नेली. तिखटाचा एक कणही जिभेवर नसताना त्यांच्या टकलावर घाम उभा राहिला.

"गो," ते हळू आवाजात म्हणाले, जुनं माणूस गर्दीत दिसावं तसे, "धने करपलेत."

आता भांडण होणार म्हणून मी मागे सरलो. पण आक्का तिथल्याच पोत्यावर मटकन बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. डंकावर डोळे पुसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "करपलेच आसत! मुद्दाम करपवलंय मी!"