मोजणीचे साग

"घरातला हातोडा घरातल्याच माणसाले देल्ला, त्याचं काय एवढं बोंबलून राह्यला?" भाकरी थापता थापता सीताबाई म्हणाली.

"घरातला? माय, सरकारचा आहे तो!" तानबा ओरडला. "त्याचा ठसा पडला का झाड मेलं!"

तानबा कारंज्याजवळच्या जंगलात वनखात्याचा नाकेदार होता. यंदा कोणती झाडं तोडायची ते साहेब ठरवत आणि त्यांच्यावर तानबा हातोड्याने ठसा मारी. ठसा नसलेल्या झाडाला ठेकेदाराची कुऱ्हाड लागत नसे. पण तानबाचा जीव होता मोजणीच्या सागांत. ते कधीच तोडायचे नव्हते. नऊ वर्षं, दर जानेवारीत, छातीइतक्या उंचीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर तो फीत गुंडाळी आणि आकडा मोठ्याने सांगे. साग वर्षाला किती वाढतो ते कळलं, की किती तोडला तर जंगल टिकेल ते ठरवता येईल, असं साहेब म्हणत. बायकोच्या बाळंतपणाचं साल तानबाला आठवत नसे; बाविसाव्या झाडाचा घेर आठवे.

गेल्या आठवड्यात त्याला हिवताप आला. आजारपणात हातोडा कचेरीत जमा करायचा, असा नियम. घरातून कोण नेतो, म्हणून त्याने तो कोठीत ठेवला. धाकट्या भावाने, हरिदासने, तो मायकडून मागून घेतला. जास्तीच्या झाडांवर ठसे मारून दिले, तर ठेकेदार त्याला मुकादम करणार होता. तानबा अंथरुणातून उठून गेला तेव्हा मोजणीचे अडतीस साग आडवे झाले होते.

"उद्या साहेब बयान घेईन," सीताबाई म्हणाली. "तापाच्या भरात मीच ठसे मारले म्हणजो. तुले मानते तो, सोडून देईन. हरिदासले जेलात टाकतीन."

"सोडते कायले? यांची नोकरी जाईन," पंचफुला, तानबाची बायको, म्हणाली.

"तू चूप राह्य. लहान आहे हरिदास."

"तीन लेकरांचा बाप आहे, आत्याबाई."

हरिदास दारात बसून टाचेतला काटा काढत होता. "दादा, झाडंच त होती," तो म्हणाला. "जंगलात का कमी आहेत?"

 नऊही वर्षं फितीचं दुसरं टोक हरिदासनेच धरलं होतं.

सीताबाईने तव्यावरची पहिली भाकर हरिदासच्या ताटात टाकली.

"उद्या मी हरिदासचं नाव सांगणार," तानबा म्हणाला. "अन् हातोडा कोणं देल्ला असं साहेबानं इचारलं, त तुयं बी, माय."