फुकटच्या बसमधले आमचे रविवार

कारखान्यातल्या नव्या पोरी मला विचारतात, "ताई, लग्नाआधी तुम्ही दोघं फिरायला कुठं जायचात?" मी सांगते, बसनं. त्यांना वाटतं, ताई चेष्टा करतायत. चेष्टा कसली डोंबलाची. खिशात दमडी नसताना प्रेम करायचं म्हणजे डोकं लागतं, ते आम्ही लावलं.

मी कोल्हापूरची. डिप्लोमा करून चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात लागले, सुट्या भागांची तपासणी करते. तेव्हा पगारातला मोठा वाटा गावी जायचा, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला. तो चेन्नईतलाच, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला. एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर कारकून, घरी फक्त आई. मराठी मंडळाच्या गणपतीत तो खुर्च्या मांडत होता आणि त्या वाकड्या मांडल्यात म्हणून मी त्याला झापत होते, अशी आमची ओळख.

पहिल्याच रविवारी नियम केला: जिथं एसी असेल तिथं पाऊल ठेवायचं नाही. इथं साध्या बसला बायकांना तिकीट नाही, म्हणून ताटकळत उभं राहायला लागलं तरी आम्ही साधीच बस पकडायचो. खोट एकच. चेन्नईच्या बसमध्ये डावीकडची बाकं बायकांची आणि उजवीकडची पुरुषांची. मला काय माहीत? मी खुशाल त्याच्या शेजारी जाऊन बसले, तर मागून एका आजीबाईंनी खांद्याला बोट लावून मला उठवलं. तेव्हापासून तो तिकडं, मी इकडं आणि मधल्या वाटेत लोकांच्या पिशव्या. आम्ही त्या पिशव्यांच्या फटींतून एकमेकांकडं बघायचो.

पण फिरलो बाई. बेसंट नगरच्या समुद्रावर कैरी-खोबरं घातलेलं वाटाण्याचं सुंडल एका कागदात दोघांत खाल्लं. मैलापुरात फुटपाथवरची जुनी पुस्तकं उभ्याउभ्या वाचली, दुकानदार डोळे वटारेपर्यंत. डिसेंबरात गाण्याच्या सभांमधल्या दुपारच्या मैफली फुकट असतात, तिथं शेवटच्या रांगेत बसून तो मांडीवर ताल धरायचा आणि मी पंख्याखाली मस्त झोप काढायची. एकदा तर त्यानं मला लोकलनं थेट एन्नोरला नेलं. समोर खाडी, पलीकडं वीजकेंद्राची धुराडी, काठावर जाळी दुरुस्त करणारे कोळी आणि हवेला असा वास की डोळ्यांत पाणी यावं. मी म्हटलं, "प्रेम करायला कुणी इथं येतं का रे?" तर तो इंग्रजीत म्हणाला, कुणी येत नाही, म्हणूनच आणलं. तिथं एका दगडावर आम्ही तीन तास बसलो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तीन तास म्हणाल तर तेच.

तो माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा, आणि तेही मोजूनमापून. मला वाटायचं, असतात काही माणसं मुखदुर्बळ. मी दोघांपुरतं बोलत होतेच.

मग फेब्रुवारीत साहेबांनी सांगितलं, चाकणच्या कारखान्यात जागा निघालीय, बदली हवी असेल तर सोमवारपर्यंत कळव. चाकण म्हणजे घरापासून काही तासांवर. आईबाबा हरखून गेले. मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, चांगली संधी आहे. बस. मला चाकण नको होतं, मला तो हवा होता. त्यानं एकदा 'जाऊ नको' म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. आपणहून विचारीन तर शपथ. मी अशीच आहे, मान मोडेन पण वाकवणार नाही.

रविवार उजाडला. समुद्रावर गेलो, सुंडल खाल्लं, तो हवेवर बोलत राहिला. हवा कशी आहे ते मला दिसत होतं की. माझा पारा चढला आणि मी म्हटलं, चला घरी. बस आली. मी डावीकडं बसले, तो उजवीकडं. दोन स्टॉप गेल्यावर त्याच्या आईचा फोन आला.

बसचा खडखडाट एवढा की त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं. आणि तो मराठीत बोलत होता. भरभर, हातवारे करत, मधेच हसत. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. मी त्याच्याकडं बघतच राहिले. मग त्याचा आवाज पडला, पण शब्द ऐकू आले. "काय सांगूं तिला, आई? रहा म्हणायला जीभ रेटत नाही. मी आपलें बोललों की ती हांसते."

तेव्हा मला आठवलं. गणपतीनंतर मैलापुरात आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तो मराठीतच म्हणाला होता, "तुम्हीं उगे बैसा, मी काफी घेऊन येतों." आणि मी पोट धरून हसले होते. "अरे, बखरीतून उठून आलास की काय?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. तोही हसला होता. त्या दिवसापासून तो इंग्रजी बोलायला लागला आणि मला ते कळलंसुद्धा नाही. ज्या भाषेत त्याच्या आईनं त्याला भरवलं, त्या भाषेला मी हसले होते.

मी उठले आणि पलीकडं त्याच्या शेजारी जाऊन बसले. कंडक्टर मागून ओरडला, दोन बायका काही तरी पुटपुटल्या. मी हलले नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी हसले. चुकलं माझं. फार चुकलं. फोन दे इकडं."

पलीकडून त्याच्या आईनं विचारलं, "तूं काय गे? राहतीस की जातीस?" इतकं सरळ मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "तो विचारतच नाही हो, आई." त्या म्हणाल्या, "त्याला दे."

त्या त्याला काय म्हणाल्या ते आजवर दोघांनीही मला सांगितलेलं नाही. तो नुसता हूं हूं करत राहिला, मग फोन खिशात घातला आणि घसा खाकरला.

"तूं जाऊं नको," तो म्हणाला. "येथेंच रहा. मजला तूं पाहिजेस."

"परत म्हण," मी म्हटलं.

त्यानं परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. सोमवारी सकाळी कारखान्यात पोचल्या पोचल्या मी साहेबांना सांगितलं, चाकणसाठी दुसरं कुणी तरी बघा.