मांडवातून परत गेलेला फ्रीज

लेकीच्या लग्नपत्रिकेवर मी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं, 'कृपया आहेर आणू नये'. आमच्या कोल्हापुरात ही ओळ वाचून लोक एवढंच समजतात की यजमान भिडस्त आहेत, तेव्हा आहेर जरा बरा न्यायला हवा.

मला मात्र ती ओळ खरीच म्हणायची होती. मी सरकारी मोजणी खात्यात आहे. कागल तालुक्यात बांधावरून दोन शेतकरी भांडले की मशीन घेऊन जायचं, हद्द कुठे येते ते दाखवायचं, तिथं दगड रोवायचा आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हे माझं काम. सरकारी माणसानं भेट कुणाकडून घ्यावी, उसने पैसे कुणाकडून घ्यावेत, याचे नियम आहेत आणि ते मला पाठ आहेत. लग्नकार्यात नात्यातल्यांचा रीतीचा आहेर चालतो. ज्याचं काम आपल्या टेबलावर आहे, त्याची पानसुपारीही चालत नाही. 'लग्नाला लागतील तेवढे न्या की, परत कोण मागतंय' म्हणणारे मला कमी भेटले नाहीत. मी सरळ पतसंस्थेतून कर्ज काढलं. ज्याचे पैसे घेतले त्याच्या बांधावर ताठ मानेनं उभं राहता येत नाही, आणि मला वाकून उभं राहायची सवय नाही.

लग्न दुपारचं होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि माझ्या दिरानं माइक हातात घेतला. आमच्याकडे आहेर गुपचूप होत नाही. कुणी काय दिलं ते माइकवर पुकारतात आणि देणाऱ्याला निम्मा आनंद त्यातच असतो. पत्रिकेवरची ओळ दीर केव्हाच विसरला होता. तो जोरात ओरडला, "नवरीच्या मामांकडून डबल डोअर फ्रीज!"

मी भावाकडं बघितलं. माझा एकुलता एक भाऊ फेटा बांधून माझ्या शेजारीच उभा होता आणि त्यानं भांडी दिली होती. मग दाराकडं बघितलं. टेम्पोतून लाल रिबीन बांधलेला फ्रीज उतरत होता आणि त्याच्यामागून माझ्या माहेरच्या, गारगोटीकडच्या गावचा एक बडा बागायतदार हसत येत होता. आईच्या गावचा पुरुष तो मामा, अशी आपली रीत. रक्ताचं नातं असायला लागत नाही. या मामांनी कागलजवळ जमीन घेतली होती, तिच्या मोजणीचा अर्ज माझ्याकडं होता आणि मोजणी पुढच्याच आठवड्यात होती.

त्या मोजणीत दुसरी बाजू एका म्हातारीची. तिचा चिंचोळा तुकडा मामांच्या रानाला लागून, मधल्या बांधावर एक माड. माड कुणाचा, यावर सगळं भांडण. ती मावशी हॉलमध्येच होती, हे मला तेव्हा दिसलं. जेवणवाल्याबरोबर चपात्या लाटायला आली होती. स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभी होती आणि फ्रीजकडं नाही, माझ्याकडं बघत होती. आपला माड गेला, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवऱ्यानं ओळखलं. कानाशी येऊन म्हणाला, "आत्ता राहू दे. उद्या गुपचूप परत पाठवू."

"पुकारलं माइकवर आणि परत गुपचूप? मग त्या मावशीला कोण सांगणार?" असं म्हणून मी दिराच्या हातातून माइक घेतला.

"मामांचा मान पोचला," मी म्हणाले. "पण मामांचं काम माझ्याकडं आहे. म्हणून फ्रीज आल्या पावली परत जाईल. मामांनी मात्र जेवल्याशिवाय जायचं नाही."

मामा लालबुंद. "आक्का, चारचौघांत इज्जत काढलीस की! मामा न्हवं का मी पोरीचा?"

"मामा हाय म्हणून जेवायला थांबवलंय. फ्रीज थांबणार न्हाय."

फ्रीज पुन्हा टेम्पोत चढला. मामांनी रागारागानं जिलेबी खाल्ली, पण खाल्ली. खोटं कशाला बोलू, मला भारी मजा आली.

ती मजा फार टिकली नाही. मावशी पदराला हात पुसत स्टेजजवळ आली. तिच्या पिशवीत एक खण आणि नारळ होता. "म्याडम, पोरीची वटी भरू द्या. माझ्याच माडाचा हाय."

माड कुणाचा ते तर मलाच ठरवायचं होतं. पण त्या क्षणी मला फक्त तिचे हात दिसत होते, पिठाचे आणि भेगाळलेले. लेकीनं पदर पुढं केलासुद्धा. मी तो धरून मागे घेतला आणि हात जोडले. "मावशी, तुमचं बी काम माझ्याकडंच हाय."

तिनं नारळ पिशवीत ठेवला आणि चपात्या लाटायला परत गेली. सासूबाई म्हणाल्या, "नियम तुझा असंल, वटी देवीची असती," आणि पाठवणीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. तरीही मला कुणी पुन्हा तिथं उभं केलं, तर मी तेच करीन.

पुढच्या आठवड्यात मशीन लावलं. एकदा मोजलं, शंका नको म्हणून पुन्हा मोजलं. रेघ माडाच्या अलीकडून, मावशीच्या बाजूनं गेली. माड मामांचा.

मामा आधी हरखले, मग गोंधळले. "म्हंजे माझाच हुता व्हय? मग फ्रीज कशाला आणला हुता मी?" बांधावरची माणसं खो खो हसली. मावशी हसली नाही. तिची भावकी मात्र पेटली. "मावशे, वर अपील कर. पैसं खाल्ल्यात हिनं, गाववाला हाय तिचा!"

शिव्यांची मला सवय आहे. फक्त मावशीकडं बघायचा धीर होत नव्हता.

ती माडाजवळ गेली, बुंध्यावरून एकदा हात फिरवला आणि भावकीवर कडाडली, "गप बसा रं! जिनं माझा नारळ घेतला न्हाय, ती त्येचा फ्रीज घेतीया व्हय?"

मग माझ्याकडं वळली. "रोवा दगड, म्याडम. खोल रोवा."