आक्काच्या पुरस्काराचा अर्ज

आक्का माझी थोरली बहीण. निपाणीजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन ती बेळगावात आली आणि भावोजी गेल्यावर वीस-बावीस वर्षं तिनं त्यांची फाउंड्री चालवली. लोखंड वितळवून यंत्रांचे भाग ओतायचं काम. साच्याची वाळू ती स्वतः मुठीत दाबून बघायची. सुरुवातीला येणारा जाणारा विचारायचा, "मालक कुठं हाईत?" ती म्हणायची, "बसा. मीच हाय."

मीही बेळगावातच, कॅम्पातल्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर एका दुपारी भाचा माझ्या हिंडलग्याच्या घरी आला. एक संस्था उद्योजक महिलांना पुरस्कार देणार होती. "मावशी, आईबद्दल तू लिही. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय. तिला मात्र सांगू नको."

मला भरून आलं. चार पानं लिहिली. पहिल्या वर्षी संप झाला तेव्हा ती कामगारांच्या घरोघरी कशी गेली, भट्टीच्या ठिणग्यांनी तिच्या साड्यांना कशी भोकं पडलेली असायची, सगळं लिहिलं. पुरस्कार मिळाला.

हॉल भरला होता. निवेदन कन्नडमधून चाललं होतं. आक्काला शाल घातली, फळांची करंडी दिली. ती दोनच वाक्यं बोलली आणि कामगारांचे आभार मानून खाली बसायला निघाली, तेवढ्यात भाच्यानं माइक घेतला. म्हणाला, "आईनं लई कष्ट केले. आजपासून ती विश्रांती घेणार. कारखाना आता मी बघणार."

टाळ्या थांबेनात. आक्का शाल सावरत तशीच उभी राहिली. तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली. ऑफिसात तिच्या खुर्चीवर भाचा बसला होता. तो उठला, पाया पडला, चहा मागवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "आईला घरी सोडून ये." हे सगळं नंतर ड्रायव्हरनंच मला सांगितलं.

संध्याकाळी मी गेले. ती स्वयंपाकघरात पावटे सोलत बसली होती.

"अर्ज तू लिवलास काय गं?"

"व्हय. पण मला ठाऊक न्हवतं आक्का, खरंच."

"चांगलं लिवलंयस," ती म्हणाली. "माणूस गेल्यावर लिवतात तसं."

मी भाच्याशी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तिचं वय झालंय. मान देऊनच बाजूला केलं की." फाउंड्रीचं नाव निघालं की आक्का उठून आत जाते.

गेल्या महिला दिनाला एका कॉलेजनं तिला पाहुणी म्हणून बोलावलं. सोबतीला मी गेले. भाषण तिनं केलं नाही, मुलींच्या प्रश्नांना तेवढी उत्तरं दिली. शेवटी एकीनं विचारलं, "मॅडम, सध्या नवीन काय करताय?"

आक्कानं माइक तोंडाजवळ धरला. मग म्हणाली, "काय न्हाय, बाळ. घरात असते."

मुलींना वाटलं ती गंमत करतेय. त्या हसल्या.