लूमवाल्यांचा गळ

गळ टाकायच्या गोष्टी सांगायला बसलं की माझं असं होतं, की एक धागा ओढावा आणि बॉबिन रिकामं होईपर्यंत हात थांबू नये. एक आठवली की तिच्या मागे दुसरी येतेच.

आम्ही तिघं सुरतेतल्या बमरोलीच्या एकाच लूम कारखान्यातले. मी धुळ्याकडचा, संतोष परभणीचा आणि नाना शिरपूरकडचे, अगदी तापीकाठच्या गावातले. सुट्टीला आम्ही खोलीत मोबाईल बघत लोळायचो. एकदा नाना चिडले. "आपला गावनं पानी आठून समुद्रमा जास, आनि तुम्ही काय पडेल शेतस?" दुसऱ्याच सुट्टीला आम्ही गळ घेऊन निघालो.

*

पहिल्यांदा गेलो ते कडोदऱ्याच्या पुढे एका तळ्यावर. रखवालदार आला, शेजारी बसला, आमच्याकडून तंबाखू घेतली, गप्पा मारल्या. दुपारी संतोषच्या गळाला मासा लागला. रखवालदार उठला आणि त्यानं मासा पिशवीत टाकला. "आ तो मारा शेठनी छे." तळं ठेक्यानं दिलेलं होतं.

"मग सकाळीच सांगायचं ना," मी म्हणालो.

"पकडाय तो बोलुं ने," तो म्हणाला.

त्या दिवसापासून नानांनी ठरवलं, की बसायचं ते नदीवरच. कामरेजच्या पुढे तापीवर मासेमारी करणाऱ्यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, जाळं टाकू नका, गळ खुशाल टाका. नाना खूश झाले. "नदी कोन्हा शेठनी नही."

*

नदीवर पहिला मोठा मासा लागला तोही संतोषलाच, आणि तो गळ घेऊन पळाला. नानांनी दोरी हातात घेऊन बघितली. संतोषनं गळ बांधताना लूमवरची गाठ मारली होती, आणि धागा लूमच्या फणीत अडकू नये म्हणून कापतात तशी, सवयीनं तिची दोन्ही टोकं अगदी बारीक कापली होती. नायलॉनची दोरी, ओढ बसताच गाठ सुटली.

"काय रे," नाना म्हणाले, "मासा काय फणीमधून काढाना व्हता तुले?"

*

लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे आम्ही बोलतो ते ओरडूनच. नदीवरही तसंच चालायचं आणि मासे लांब पळायचे. मग नाना म्हणाले, कारखान्यातल्या खुणा वापरा. धागा तुटल्याची खूण म्हणजे मासा लागला, मशीन बंदची खूण म्हणजे ओढू नको. छान जमलं.

पलीकडे एक गुजराती काका बसायचे. ते बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले, मग उठून आले आणि हातवारे करून त्यांनी आपले दोन मासे आमच्यापुढे ठेवले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. संतोषला भरून आलं. तो मोठ्यानं म्हणाला, "काका, लई उपकार झाले बघा."

काकांनी संतोषच्या तोंडाकडे बघितलं, आमच्या हातांकडे बघितलं. मग वाकून त्यांनी एक मासा परत घेतला.

उरलेला आम्ही तळून खाल्ला. नानांनी मात्र तोंडाला लावला नाही. "देयेल मासा, धरेल नही."

*

कारण खरी गोष्ट ही होती, की आम्हाला शिकवणाऱ्या नानांना स्वतःला सुरतेत एकही मासा लागला नव्हता. नानांच्या घरच्या काकू दर सुट्टीला भरीत-भाकरीचा डबा बांधून द्यायच्या. "तुमना मासास्ना भरोसा नही." आम्ही कढई, तेल, काळा मसाला घेऊन जायचो आणि डबा खाऊन यायचो. नाना हसायचे, पण त्यांना लागायचं ते. जुने लूम भंगारात निघाले, नवीन मशीनला माणसं कमी लागतात, तेव्हा त्यांनी गावी परतायचं ठरवलं. म्हणाले, "गावले काय सांगू? तापीवर जनमनू, तापीवरच कमाडं, आनि एक मासा नही धरा."

*

शेवटच्या सुट्टीला आम्ही तिघंही गेलो. संतोषनं मुद्दाम आपला गळ टाकलाच नाही. मीही नाही. नानांची दोरी बोटावर होती, तुटणारा धागा बघायला ठेवतात तशी. एकदम त्यांनी दुसऱ्या हातानं खूण केली, धागा तुटला. नानांनी घाई केली नाही. हातभर लांब रोहू काठाला आला.

संतोषनं स्टो पेटवला, तेल टाकलं. मी मसाला काढला.

नाना गुडघाभर पाण्यात उतरले. मासा वर आणलाच नाही. गळ काढला, माशाला दोन्ही हातांत धरलं, तोंड उगवतीकडे, खान्देशाकडे केलं आणि सोडून दिलं. "तू व्हय पुढे. मी येस."

मग संतोष म्हणाला, "अहो नाना, मधी उकाईचं धरण हाय की."

नाना पाण्याकडेच बघत होते. "मंग तो थांबी तठे," ते म्हणाले. "मी बी तठेच उतरसू."

तेल तापलं होतं. आम्ही त्यात मिरच्या तळल्या आणि काकूंचा डबा उघडला.