व्हॅनखालचा ओला डाग

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा नवरा व्हॅन चालवतो. मुळगावातल्या बायकांना रोज तुयेच्या कारखान्यात सोडतो आणि संध्याकाळी परत आणतो. आज अंगण झाडताना मला व्हॅनच्या मागच्या चाकाजवळ ओला डाग दिसला.

"एसीचा पाणी असतला गो," तो म्हणाला. त्याला उशीर होत होता.

पण आमच्या व्हॅनच्या एसीचं पाणी पुढच्या बाजूला गळतं. मी बोट लावून पाहिलं तर ते तेलकट लागलं, पिवळसर. चाकाच्या आतल्या बाजूलाही ओघळ होता.

"ब्रेकचं तेल तर नसेल? एकदा ब्रेक दाबून धर बघू," मी म्हटलं.

कुरकुरतच तो आत बसला. पेडल दाबून धरलं, तसं ते हळूहळू खाली जात तळाला टेकलं. त्याने पाय काढून घेतला. मग म्हणाला, "कालपासून मऊ लागत होता. माका वाटला, उगाच वाटता."

त्याने सगळ्यांना फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. एक बाई चिडली, कामावर जाता न आल्याने तिची एक रजा फुकट गेली. मेकॅनिकने घरी येऊन त्या चाकातला ब्रेकचा गळका सिलिंडर बदलला.

पण काल संध्याकाळी तो ह्याच ब्रेकवर वाटेतला उतार उतरला होता. मागे बायका गप्पा मारत बसल्या असतील.

दुपारपासून मी सारखी व्हॅनखाली वाकून बघतेय. तोही बघतो. मी दिसले की चप्पल शोधायचं नाटक करतो.

तुमच्या घरचं माणूस गाडी काढतं, तेव्हा तुम्ही खाली बघता का? की मीच जास्त घाबरलेय?